डिस्चार्जपर्यंत

माझ्या मावशीला तो फोन आला तेव्हा ती अंगणात उन्हाला बसून मेथी निवडत होती. जानेवारीचा दुसरा आठवडा. चौदा वर्षांपूर्वी ज्या खासगी दवाखान्यात तिची बायपास झाली, तिथून फोन होता. बोलणाऱ्या माणसाचं नाव सौरभ, जनसंपर्काचं काम बघणारा. दवाखान्याच्या हृदयविभागाला पंधरा वर्षं होत होती, त्याचा समारंभ होता, आणि जुन्या पेशंटांपैकी चौघांनी मंचावरून दोन-दोन मिनिटं बोलायचं होतं.

"आप हमारी सक्सेस स्टोरी हैं, मॅडम," तो म्हणाला.

मावशीने फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्याकडे बघितलं. मग हिंदीतच विचारलं, "चौदा वर्षांत तुमचा हा पहिला फोन. मी जिवंत आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

 तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, आपने फोन उठाया ना."

तासाभरात व्हॉट्सअॅपवर निमंत्रण आलं आणि मावशीने काय बोलायचं त्याचा मजकूरही आला. मला नवं आयुष्य मिळालं, डॉक्टर म्हणजे देव, वगैरे. निमंत्रणावर मोठ्या अक्षरात छापलं होतं: बायपासमध्ये अठ्ठ्याण्णव टक्के यश.

मावशीने स्वतःहून फोन लावला. "हे अठ्ठ्याण्णव टक्के कधीपर्यंतचे?"

सौरभला प्रश्न कळला नाही. तिने पुन्हा विचारला. ऑपरेशननंतर किती दिवस माणूस जगला की तुम्ही त्याला यशस्वी म्हणता? त्याने विचारून सांगतो म्हटलं, आणि संध्याकाळी खरंच सांगितलं. "डिस्चार्ज तक, मॅडम."

मावशीने फोन खाली ठेवला. रागावली की तिचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो.

"डिस्चार्जपर्यंत," ती म्हणाली. "मंजू, माझ्या शेजारच्या खाटेवरच्या लीलावतीलाही डिस्चार्ज दिला होता."

माझी मावशी रत्नप्रभा. छप्पन साली नवं राज्य झालं आणि नागपूरची सरकारी कचेरी भोपाळला आली, तिच्याबरोबर माझे आजोबा आले. मावशी इथेच जन्मली. सिंचन खात्यात ट्रेसर म्हणून लागली, म्हणजे इंजिनियरने काढलेला नकाशा अर्धपारदर्शक कागदावर शाईने उतरवून घ्यायचा. धरणाच्या भिंती, कालवे, दरवाजे. एक रेघ जाड-बारीक झाली तर कागद फेकायचा. बत्तीस वर्षं तिने हे काम केलं. शेवटी-शेवटी कॉम्प्युटर आले, तेही ती शिकली. आनंद नगरच्या घरात ती आणि माझे काका, दत्तात्रय, खाली राहतात, मी वर. काका शांत माणूस. मावशीच्या वाटचं शांत राहण्याचं कामही तेच करतात असं आम्ही म्हणतो.

तिला दुखायला लागलं ते २०१० मध्ये. छातीत नाही. जबड्यात, पाठीत, आणि जिना चढताना धाप. पहिल्या डॉक्टरने गॅस म्हटलं. दुसऱ्याने विचारलं, पाळी गेली का? गेली म्हटल्यावर त्याने मान हलवली, जणू सगळं समजलं. तिसऱ्याने काकांना बाजूला घेऊन सांगितलं की बाईंच्या डोक्यावर ताण आहे, यांना कुठेतरी फिरवून आणा. अकरा महिने असे गेले. अकरा महिने ती जबडा धरून कचेरीत रेघा मारत होती. अखेर फेब्रुवारीत ती कचेरीच्या जिन्यात बसली ती उठलीच नाही, आणि चार दिवसांनी तिच्या तीन नळ्या जोडल्या गेल्या. एक छातीतल्या धमनीची, दोन पायातून काढलेल्या शिरांच्या.

ऑपरेशन चांगलं झालं, ते मी नाकारत नाही. त्या मोठ्या डॉक्टरांच्या हातात कसब होतं, आणि त्यांच्यामुळे माझी मावशी आज मेथी निवडते आहे. राग आहे तो नंतरच्याबद्दल.

सातव्या दिवशी डॉक्टर आले आणि काकांशी बोलले. मावशी पलंगावर बसलेली होती, शुद्धीत, चष्मा लावून. त्यांनी काकांना सांगितलं, यांना जड उचलू देऊ नका, यांना तेलकट देऊ नका, यांच्या गोळ्या वेळेवर द्या. पुरुष पेशंटांना तळमजल्यावरच्या हॉलमध्ये व्यायाम शिकवायला नेत. मावशीने विचारलं, मी कधी जाऊ? नर्स हसून म्हणाली, "आंटी, घर का काम ही आपकी एक्सरसाइज है." एक गोळी कशासाठी, दुसरी कशासाठी, कोणती कधी थांबवायची, कोणती कधीच थांबवायची नाही, यातलं काही तिला कोणी सांगितलं नाही. छातीवरच्या टाक्यांवर आतले कपडे कसे घालायचे हे विचारायला त्या अख्ख्या मजल्यावर बाई डॉक्टर नव्हती. तिने तीन महिने काकांचे जुने सदरे घातले.

घरी आल्यावर ती विसरायला लागली. मोजमाप लक्षात राहायचं नाही, बसल्या-बसल्या डोळे भरून यायचे. बायपासनंतर पुष्कळांना असं होतं, बहुतेकांचं काही महिन्यांत निवळतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा तपासणीला गेलो तर डॉक्टर पुन्हा काकांनाच म्हणाले, "इनका मन बहलाइए, तीर्थ-वीर्थ करा लाइए." मावशीला वाटलं आपण वेड्या होतो आहोत. वर्षभर तिने हे एकटीने सोसलं.

तिसऱ्या वर्षी कॉलनीतल्या डॉक्टरने कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. रिपोर्ट उत्तम आला होता. रिपोर्ट त्या गोळीमुळेच उत्तम आला होता, हे त्यालाही सुचलं नाही आणि आम्हालाही. आठव्या वर्षी पुन्हा जबडा दुखायला लागला. या वेळी ती स्वतः उठून दुसऱ्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टर अपर्णा तेव्हा पस्तिशीच्या असतील. त्यांनी अँजिओग्राफी केली आणि पडदा मावशीकडे वळवून दाखवला. छातीतली धमनी छान चालू होती. पायातल्या दोन्ही शिरा बंद.

"पायाच्या शिरा दहा वर्षांत बऱ्याच जणांच्या बंद होतात," अपर्णा म्हणाल्या. "गोळ्या चालू असल्या, साखर, प्रेशर सांभाळलं, तर जास्त टिकतात. तुम्हाला हे सांगितलं होतं ना?"

मावशी पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही. मला सांगितलं होतं की मी बरी झाले."

एका ठिकाणी स्टेंट बसवला, दुसरीकडे बसवता आला नाही. हृदयाची ताकद कमी झाली ती झाली. तेव्हापासून ती तिच्या आजाराबद्दल सगळं वाचते, आणि तेव्हापासून तिच्या आवाजात तो खालचा सूर आहे.

तर अशा बाईला त्यांनी सक्सेस स्टोरी म्हणून बोलावलं होतं.

मला वाटलं होतं ती जाणार नाही. तिने कपाटातून २०११ ची फाइल काढली. तिच्या वॉर्डात सहा खाटा होत्या आणि पडदा ओढून दोन बायकांच्या वेगळ्या केल्या होत्या. अशोका गार्डनचे शकीलभाई, शिवणकाम करणारे, त्यांच्या बायकोला सगळ्यांचे पत्ते हवे होते, कारण त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि सोबतच्या सगळ्यांना बोलवायचं होतं. मावशीचं अक्षर सुंदर म्हणून तिने ते लिहून दिले आणि एक प्रत स्वतःकडे ठेवली. तो कागद फाइलमध्ये होता.

"समारंभाला तीन आठवडे आहेत," ती म्हणाली. "तुझी गाडी घे. आपण मोजू."

"काय मोजू?"

"टक्के."

शकीलभाई सापडायला वेळ लागला नाही. त्याच गल्लीत, त्याच मशीनवर बसलेले. एक्काहत्तर वर्षांचे, ताठ. मावशीला बघून उठले. "आपा, आप तो वैसी ही हैं." त्यांचा भाऊ कंपाउंडर होता. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की रिपोर्ट कसाही येवो, गोळी सोडायची नाही. ते रोज रेल्वे लाइनच्या कडेने पाच किलोमीटर चालतात. चौदा वर्षांत त्यांना काही झालं नाही. मावशीला इतका आनंद झालेला मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. बाहेर आल्यावर मात्र ती म्हणाली, "म्हणजे होऊ शकत होतं. भाऊ कंपाउंडर असला की होतं."

करोंदला हुकुमचंद साहूंचं घर मंडीच्या मागे होतं. ते मंडीत तुलावटी होते, धान्य तोलायचं काम. दार त्यांच्या बायकोने उघडलं. ते २०१४ मध्येच गेले. दुपारी, काट्यासमोर, गव्हाचा सीझन चालू असताना. ऑपरेशननंतर दुसऱ्याच महिन्यात पोती उचलायला लागले होते, कोणी नको म्हटलं नव्हतं. दोन वर्षांनी गोळ्या सोडल्या.

"म्हणायचे, छाती मोकळी झाली, आता गोळी कशाला," त्या म्हणाल्या. "मी त्यांना खूप बोलले. गेल्यावरही बोलते." मग त्यांनी विचारलं, "दवाखान्यातून तुम्हाला पाठवलंय का?"

"नाही," मावशी म्हणाली. "त्यांना माहीत नाही की ते गेले."

बाईंनी हे ऐकलं आणि पदर तोंडाशी धरला. अकरा वर्षं त्यांची समजूत होती की दवाखान्यात कुठेतरी याची नोंद आहे.

कोलार रोडला गौरांग राहतो. वॉर्डात तो सगळ्यात लहान, एक्केचाळीसचा. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. २०१८ मध्ये त्याला पक्षाघात झाला. ब्लड प्रेशर वाढलेलं होतं आणि तो समजत होता की बायपास झाली म्हणजे प्रेशरचाही प्रश्न मिटला. उजवा हात गेला, बोलणं अर्धं गेलं. बहीण सुधा त्याला सांभाळते. त्याने मावशीला ओळखलं. एकेक शब्द जुळवत तो मराठीत म्हणाला, "मी... विचारलं... होतं. पुढे काय. ते म्हणाले... मजा करा."

सुधाताईंनी चहा केला. मावशीने तो घेतला नाही, हातात धरून बसली. निघताना तिने गौरांगच्या डाव्या हाताला हात लावला आणि मी येत जाईन म्हणाली. गाडीवर मागे बसून तिने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दोन दिवस दुखत होता.

सहाव्या खाटेवरचे मास्तर सापडले नाहीत. घर विकलेलं, नंबर दुसऱ्याच कोणाचा.

आणि लीलावती. ती पडद्यामागची दुसरी बाई, विदिशाकडची, एकोणसाठ वर्षांची, मधुमेही. तिचं काय झालं हे मावशीला तेव्हाच कळलं होतं. घरी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात छातीच्या टाक्यांतून पू येऊ लागला. मुलाने दवाखान्यात फोन केला तर सांगितलं, ओपीडीच्या दिवशी या, तोवर ड्रेसिंग करा. एक्केचाळिसाव्या दिवशी ती गेली. गावाजवळच्या छोट्या दवाखान्यात गेली, त्यामुळे तो मृत्यू यांच्या हिशोबात आलाच नाही. तेव्हा मावशी स्वतः अंथरुणात होती, आणि महिनाभर ती रोज आरशासमोर उभी राहून आपले टाके बघायची.

समारंभाच्या दिवशी तिने निळी इरकल नेसली. हॉल भरलेला होता, फुलं, कॅमेरे. आधीचे दोघं दिलेला मजकूर बोलले. दोघंही बरे होते, मनापासून बोलले, त्यात खोटं काही नव्हतं. मग मावशी गेली. मजकुराचा कागद तिने टेबलावर ठेवला आणि हिंदीत बोलायला लागली.

"माझ्या वॉर्डात आम्ही सहा जण होतो. मी बाकीच्यांना शोधायला गेले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मैत्रीची गोष्ट आहे.

"शकील अहमद ठणठणीत आहेत," ती म्हणाली. पुन्हा टाळ्या. "हुकुमचंद साहू तीन वर्षांनी गेले." दोन-चार जणांनी सवयीने टाळी वाजवली.

"टाळ्या नका वाजवू," मावशी म्हणाली. "ऐका."

मग कोणी वाजवली नाही. तिने एकेकाचं सांगितलं. लीलावतीचा एक्केचाळिसावा दिवस सांगितला. गौरांग काय म्हणाला ते, त्याच्यासारखंच थांबत-थांबत, सांगितलं. स्वतःच्या दोन बंद शिरा सांगितल्या. मग म्हणाली, "तुमच्या हिशोबात आम्ही सहाही जण यशस्वी आहोत. मी सिंचन खात्यात होते. आमच्याकडे कालवा बांधून झाला की दर वर्षी माणूस पाठवत, गाळ बघायला. साध्या पाटालासुद्धा. तुम्ही चौदा वर्षांत एकदा फोन केला, तो मला इथे उभं करायला."

माइक कोणी बंद केला नाही. मोठे डॉक्टर, आता केस पांढरे झालेले, उठून शेजारी आले आणि हसत म्हणाले की माताजी भावुक झाल्या आहेत, स्वाभाविक आहे.

"मी भावुक नाही, मी रागावले आहे," मावशी म्हणाली. "आणि माताजी म्हणू नका. तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहात, मी बघितलंय."

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. खाली उतरताना मी जाऊन मावशीला हात दिला. कार्यक्रम पुढे चालू झाला. चौथ्या पेशंटाला त्यांनी बोलावलंच नाही.

तिने दवाखान्याला पत्र लिहिलं. मागण्या साध्या: घरी जाणाऱ्या प्रत्येकाला सोप्या हिंदीत एक कागद द्या, आणि चाळिसाव्या दिवशी, मग दर वर्षी, एक फोन करा. उत्तर आलं, आपल्या सूचनेवर विचार चालू आहे. तो अजून चालू असावा. काका म्हणाले, आता सोड. ती म्हणाली, "अहो, माझ्यासमोर ते तुमच्याशीच बोलत राहिले, तुम्हाला राग येत नाही?"  काका म्हणाले, "येतो. मी तेव्हा म्हणायला हवं होतं की हिला सांगा." त्यांनी हे आधी कधीच म्हटलं नव्हतं. मावशी उठून आत गेली आणि तिने चहा टाकला.

कागद मग तिनेच केला. ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून काढून चार दिवस बसली. हृदय काढलं, तीन नळ्या काढल्या, कुठली छातीची, कुठली पायाची, कुठली लवकर बंद पडू शकते, कुठली गोळी कशाला, कोणती डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायची नाही, काय झालं तर त्याच दिवशी पोचायचं. बायकांसाठी वेगळी चौकट: जबडा, पाठ, धाप, टाक्यांवरचे कपडे. डॉक्टर अपर्णांनी दोन चुका सुधारल्या आणि आपल्या ओपीडीत तो द्यायला सुरुवात केली.

मार्चमध्ये सौरभ घरी आला. आम्हाला वाटलं पत्राचं उत्तर घेऊन आला. तो म्हणाला, साहेबांनी मला खूप ऐकवलं, पण नोकरी राहिली. मग त्याने मावशीचा तो कागद मागितला, अपर्णांच्या एका पेशंटाकडे त्याने तो बघितला होता. तो आता डिस्चार्ज झालेल्यांपैकी काहींना स्वतःच्या फोनवरून विचारतो, टाके कसे आहेत, गोळ्या चालू आहेत का. सगळ्यांना फोन करणं जमत नाही. वरच्यांना माहीत नाही. मेमध्ये एका बाईंच्या टाक्यांतून पाणी येत होतं, त्याने त्यांना ओपीडीच्या दिवसाची वाट न बघता त्याच दुपारी आणवलं. त्या बऱ्या झाल्या. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती खूश झाली असं वाटेल कोणाला. ती म्हणाली, "चौदा वर्षांपूर्वी एवढंच करायचं होतं. एक फोन उचलायचा होता," आणि उठून गेली.

गौरांगकडे ती दर गुरुवारी जाते. त्याच्या डाव्या हाताला रेघा मारायला शिकवते. तो वाकड्या रेघांवर चिडतो, तीही चिडते, सुधाताई म्हणतात घरात एवढा आवाज बऱ्याच वर्षांनी होतो आहे.

गेल्या महिन्यात तिला पुन्हा धाप लागली. तीन दिवस अपर्णांच्या दवाखान्यात होती. हृदयाची ताकद आणखी थोडी घटली आहे. घरी सोडायच्या दिवशी अपर्णा खुर्ची ओढून तिच्या समोर बसल्या, काका आणि मी मागे उभे. मावशीने विचारलं, "किती वर्षं?"

"सांगता येत नाही," अपर्णा म्हणाल्या. "खरंच येत नाही. छातीतली नळी अजून चांगली आहे. गोळ्या बदलल्यात, त्यांनी पुष्कळांना बरं वाटतं. दर तीन महिन्यांनी बघू."

"ठीक आहे," मावशी म्हणाली. "हे मला कळलं." तिने गोळ्यांची चिठ्ठी हातात घेतली, चष्मा लावला, आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ही कशाची?"